लाल झाकणाचे डबे, पिवळा तुरा आणि झाडांच्या ढोल्या

रानभूल
गप्पांच्या पानावर परवा कुणीतरी काकाकुवा कचऱ्याचा डबा उघडतोय असा व्हिडिओ टाकला होता. त्याखाली हसरे चेहरे आणि "आमच्या बंड्यापेक्षा हुशार" यापुढे गाडी सरकली नाही, म्हणून हा वेगळा धागा. मी सिडनीच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. पक्षीशास्त्र शिकलेली नाही, पण हे महाराज रोज समोर असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल हाताला लागेल ते वाचत आले आहे.

आधी ओळख. हा सल्फर-क्रेस्टेड कॉकाटू, शास्त्रीय नाव काकाटुआ गॅलेरिटा. लांबी साधारण अर्धा मीटर, वजन किलोच्या जरा आत. काळीभोर चोच, मागे वळलेला पिवळा तुरा, आणि पंख उघडले की आतून दिसणारी फिकट पिवळी झाक. नर-मादी ओळखायची तर डोळ्यात बघावं लागतं: नराचा डोळा जवळजवळ काळा, मादीचा तांबूस तपकिरी. गोऱ्यांची वसाहत सिडनीत १७८८ला पडली आणि १७९०मध्ये जॉन लॅथमने या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन छापलंसुद्धा. ऑस्ट्रेलियाचा उत्तर आणि पूर्व भाग, टास्मानिया, न्यू गिनी आणि आरू बेटं हा त्याचा मूळ मुलूख. पर्थमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये दिसतात ते माणसाने नेलेले.

पांढराच का? आपल्या पोपटाचा हिरवा रंग दोन गोष्टींनी होतो. पिसात पिवळं रंगद्रव्य असतं आणि पिसाची सूक्ष्म रचना निळा प्रकाश परतवते, दोन्ही मिळून हिरवं दिसतं. काकाकुव्यांच्या अख्ख्या कुळात ती रचनाच नाही. म्हणून निळा किंवा हिरवा काकाकुवा जगात नाही. पिवळं रंगद्रव्य मात्र शिल्लक आहे, ते तुऱ्यात जाऊन बसलंय. शिवाय यांच्या अंगावर काही पिसं अशी असतात की ती सतत झडून त्यांची भुकटी होते, आणि चोचीने ही भुकटी सगळ्या अंगाला फासली जाते. आमच्या शेजाऱ्यांच्या खिडकीवर एक आपटला होता. पक्षी उडून गेला, पण काचेवर दोन्ही पंख, छाती आणि डोकं असा पावडरीचा अख्खा ठसा राहिला. एकेक पीस मोजता येईल इतका स्पष्ट.

आता डबा. इथे घरोघरी चाकांचे उंच डबे असतात, लाल झाकणाचा तो उरल्यासुरल्या कचऱ्याचा. पक्षी डब्याच्या काठावर उतरतो, झाकणाची पुढची कड चोचीत धरून उचलतो. आणि इथेच खरी मेख आहे, कारण नुसतं उचलून भागत नाही, सोडलं की झाकण परत पडतं. म्हणून कड वर धरून ठेवून तो काठावरून आडवा आडवा बिजागरीकडे सरकतो. झाकणाचा कोन वाढत जातो आणि शेवटी ते आपल्याच वजनाने मागे कोसळतं. मग पाव, पिझ्झाच्या कडा, जे असेल ते.

यावर २०२१मध्ये 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात शोधनिबंध आला. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या बार्बरा क्लुम्प आणि लूसी अ‍ॅप्लिन, त्यांच्यासोबत सिडनीतले रिचर्ड मेजर आणि जॉन मार्टिन. त्यांनी लोकांनाच विचारलं, तुमच्याकडे हा प्रकार पाहिलात का? २०१८च्या आधी फक्त ३ उपनगरांतून "हो" आलं होतं. २०१९ संपेपर्यंत ४४ उपनगरांतून. आणि पसरण्याची तऱ्हा महत्त्वाची: आधी लगतच्या वस्त्या, मग त्यांच्या पलीकडच्या. प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने शोध लावला असता तर नकाशावर कुठेही ठिपके उमटले असते. म्हणजे एकाचं बघून दुसरा शिकतोय. तरी रंगाचे ठिपके लावून ओळख ठेवलेल्या पक्ष्यांपैकी जेमतेम १० टक्क्यांना डबा उघडता येत होता, त्यातही बहुतेक नर. बाकीची मंडळी शेजारी उभी राहून पंगत वाढली जाण्याची वाट बघतात.

हे सगळं मजेचं आहेच. पण मला या धाग्यात बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. डबा उघडणं हे या पक्ष्याचं पोटापाण्याचं आणि फावल्या वेळचं झालं. त्याचा वंश टिकतो तो झाडाच्या ढोलीवर. काकाकुवा घरटं बांधत नाही. म्हाताऱ्या निलगिरीच्या खोडात, उंचावर, आत खोल गेलेली ढोली त्याला लागते. तळाशी लाकडाचा भुगा असतो, त्यावर दोन, क्वचित तीन पांढरी अंडी. नर-मादी आलटून पालटून उबवतात, पिल्लं बाहेर यायला सुमारे चार आठवडे आणि ढोलीतून उडायला पुढे दोन महिन्यांहून जास्त. दक्षिणेकडे हा हंगाम ऑगस्ट ते जानेवारी.

आणि ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाही! एकही जात नाही. आपल्याकडे सुतार आणि तांबट भोकं पाडून ठेवतात आणि पोपट-मैना आयत्या बिळावर नागोबा होतात. इथे ते काम वाळवी, बुरशी, वणवा आणि वादळात मोडलेली फांदी करते. मोठ्या पक्ष्याला पुरेल एवढी ढोली तयार व्हायला शंभर-दीडशे वर्षं सहज जातात. हजारोंच्या थव्याने किंचाळणारा पक्षी बघून कुणालाही वाटतं की याचं उत्तम चाललंय. पण हे पक्षी कित्येक दशकं जगतात. पिल्लं होणं बंद झालं तरी थवा लगेच कमी झालेला दिसणार नाही.

असो. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

चहाटळ
पहिला! एक जोडी पुण्याला पाठवून द्या. ओला-सुका वेगळा न करणाऱ्यांच्या डब्यावर बसवू.

वेणू_९
सुंदर लेख, रानभूलताई. काचेवरचा ठसा डोळ्यांसमोर आला.
एक शंका. कॅनबेऱ्याला मुलीकडे गेले होते तेव्हा मैदानावर पांढऱ्या पक्ष्यांचा मोठा थवा चरत होता, पण तुरा काही दिसला नाही. ते हेच का?

रानभूल
वेणूताई, तुरा मिटलेला असला तरी डोक्यामागे पिवळी शेंडी दिसतेच. तुम्ही पाहिले ते बहुधा कोरेला, काकाकुव्यांचेच भाऊबंद. आकाराने लहान, चोच काळी नाही तर फिकट हाडाच्या रंगाची, आणि डोळ्याभोवती निळसर कातडी, रात्रभर जागरण झाल्यासारखी. त्यांनाही तुरा असतो, पण आखूड आणि पांढराच. दोघेही एकाच मैदानात चरतात, त्यामुळे गोंधळ होतो. जमिनीतले कंद उकरणं दोघांचंही आवडतं काम. थवा खाली चरत असताना एक-दोन जण झाडावर बसून पहारा करत असतात. ससाणा किंवा गरुड दिसला की पहारेकरी असा काही ओरडतो की अख्खं मैदान एकदम उठतं.

शंकासूर
लेख चांगला. पण "बघून शिकले" याला हल्ली लगेच "संस्कृती" म्हणायची फॅशन आलीये, त्याला माझा आक्षेप आहे. भूक लागली, डबा दिसला, चोच मारली. यात संस्कृती कुठे आली? आमच्या सोसायटीतली मांजरंही डबा पाडतात.

रानभूल
शंकासूर, तुमची मांजरं मुलुंडला एका पद्धतीने आणि ठाण्याला दुसऱ्या पद्धतीने डबा पाडतात का? इथे तसं आहे. संशोधकांनी व्हिडिओ तपासले तेव्हा झाकण चोचीने धरायचं की पायाने आधार द्यायचा, पूर्ण झाकण धरायचं की हँडल, काठावरून कुठल्या बाजूने चालायचं, यात वस्तीवस्तीत फरक निघाले. जितकं अंतर जास्त तितका फरक जास्त. २०१८च्या शेवटी उत्तरेकडच्या एका उपनगरात, मूळ जागेपासून लांब, हा प्रकार स्वतंत्रपणे सुरू झाला, आणि तिथून आजूबाजूला त्यांचीच तऱ्हा पसरली. बघून शिकणं, स्थानिक तऱ्हा असणं आणि ती टिकणं, या तिन्हीला मिळून संशोधक संस्कृती म्हणतात. सण-समारंभ अपेक्षित नाहीत.

दुपारचा_चहा
जपानमधल्या कोशिमा बेटावरच्या माकडांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५३मध्ये एका लहान मादीने रताळी धुऊन खायला सुरुवात केली आणि मग कळपात ती रीत पडली. इंग्लंडमध्ये दाराशी ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं फोडणाऱ्या टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांचंही तसंच. काकाकुव्यांचं वेगळेपण असं की सुरुवात होताना आणि पसरताना माणसं नकाशा घेऊन बघत होती.

शंकासूर
बरं, वस्तीवस्तीतल्या फरकाचा मुद्दा मान्य. 'संस्कृती' शब्दावर अजून तळ्यात-मळ्यात.

निळेडोंगर
मी ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी राहतो. तुम्हा सगळ्यांना कौतुक वाटतंय, मला नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या लाकडी डेकचा कठडा या टोळीने कुरतडून त्याची कंगव्यासारखी दातेरी कड केली. खिडकीच्या चौकटीचं सीडार लाकूड तर त्यांना फारच प्रिय. कारण काय, तर चार घरं सोडून एक आजोबा रोज संध्याकाळी ताटलीभर सूर्यफुलाच्या बिया ठेवतात. बिया संपल्या की मंडळी आमच्याकडे करमणुकीला. कौन्सिलला फोन केला, तर "ते संरक्षित देशी पक्षी आहेत, शेजाऱ्यांशी बोला" एवढंच उत्तर.

रानभूल
तुमचा वैताग समजू शकते. यांची चोच आयुष्यभर वाढत राहते आणि कुरतडणं ही त्यांची गरज आहे. रानात ते फांद्या आणि साली सोलतात, ढोलीच्या तोंडाभोवतीचं खोड सोलून ठेवतात. खाणं शोधण्यात दिवस जायचा तो ताटलीवर दहा मिनिटांत उरकला तर उरलेला दिवस चोचीचं काय करायचं? आजोबांना हे एवढंच सांगून पाहा. "तुमच्यामुळे माझं नुकसान" म्हणण्यापेक्षा "तुमच्यामुळे ते आजारी पडतात" हे जास्त लागू पडतं, असा इथल्या लोकांचा अनुभव आहे. आजाराबद्दल कुणी वैद्य मंडळी असतील तर लिहा.

पाखरांचा_वैद्य
हजर. मुंबईत पशुवैद्य आहे, पाळीव पक्षी बरेच बघतो, त्यात काकाकुवेही येतात.

आजार म्हणजे चोच-पिसांचा रोग, इंग्रजी आद्याक्षरांनी पीबीएफडी. कारण एक सर्कोव्हायरस. तो पीस आणि चोच तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. पिसं वाकडी उगवतात, गळतात, नवी येत नाहीत. चोच लांब होते, तडकते. वर ज्या भुकटीचा उल्लेख आलाय तिचा इथे निदानात उपयोग होतो. निरोगी काकाकुव्याची काळी चोच नेहमी राखाडी, धुरकट दिसते, कारण तिच्यावर भुकटीचा थर असतो. रोग झाला की भुकटी देणारी पिसंच आधी मरतात, आणि चोच पॉलिश केल्यासारखी चकचकीत काळी होते. मालक कौतुकाने सांगतो, "डॉक्टर, बघा काय तकाकी आलीये." तिथेच माझ्या पोटात गोळा येतो.

विषाणू विष्ठेतून, पिसांच्या धुळीतून पसरतो आणि शरीराबाहेर बराच काळ तग धरतो. एका ताटलीत पन्नास पक्षी जेवले की काय होणार ते सांगायला नको. ढोल्याही दूषित राहतात, आणि ढोल्या कमी म्हणजे एकाच ढोलीत एकामागून एक जोड्या. खात्रीचा इलाज नाही.

आता आपल्याकडचं. "पांढरा पोपट हवा" म्हणून लोक हौसेने आणतात. हा पक्षी थव्यात राहणारा, दिवसाला मैलोन् मैल उडणारा, आणि आवाज एवढा की इमारतीतले सगळे मजले तक्रार करतील. पिंजऱ्यात एकटा ठेवला की स्वतःची छाती उपटून उघडी करतो. नुसत्या सूर्यफुलावर ठेवलेले काकाकुवे चरबीने फुगलेल्या यकृतासह माझ्याकडे येतात. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट त्यांना विष आहे, तेही लोक लाडाने भरवतात. ऑस्ट्रेलियातून जंगली पक्ष्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपासून बंद आहे. आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच, पण २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा परदेशी पक्ष्यांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली आहे. कागद नसलेला पक्षी घेऊ नका. खरं तर कागद असलेलाही घेऊ नका.

वेणू_९
डॉक्टर, हे किती वर्षं जगतात?

पाखरांचा_वैद्य
नीट सांभाळला तर सत्तर-ऐंशी वर्षांपर्यंत. म्हणजे चाळिशीत घेतलात तर मृत्युपत्रात त्याची सोय करावी लागेल. रानात अर्थातच इतकं नशीब नसतं.

दुपारचा_चहा
सिडनीत कॉकी बेनेट नावाचा एक होता. टॉम अग्लीज पॉइंटच्या हॉटेलात असायचा, अंगावर जवळजवळ एकही पीस उरलेलं नव्हतं, तरी टकाटक बोलायचा. १९१६मध्ये गेला तेव्हा त्याचं वय ११९ असल्याचं सांगत. वयाचा दावा ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावा, पण फोटोतला तो उघडाबंब पक्षी बघून आता डॉक्टरांचा पीबीएफडीच आठवतो.

पाखरांचा_वैद्य
फोटो मीही पाहिलाय. लांब वाढलेली चोच, पिसं नाहीत. संशय घ्यायला भरपूर जागा आहे.

बांधावरून
मी जालन्याचा. मका आणि सूर्यफूल दोन्ही घेतो, त्यामुळे पोपटांचा थवा म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. तिथले शेतकरी या एक किलोच्या पोपटाचं काय करतात?

रानभूल
शिव्या घालतात, दुसरं काय. पेरलेलं धान्य उकरणं, कोवळे कोंब उपटणं, सूर्यफुलाची फुलं देठापासून तोडून टाकणं, सगळं करतात. गव्हाची शेती आणि गुरांसाठीचे पाणवठे वाढले तसे काही भागांत तेही वाढले. पक्षी संरक्षित आहे, पण न्यू साउथ वेल्समध्ये नुकसान दाखवून शेतकऱ्याला परवाना घेता येतो, मग हाकलणं किंवा मर्यादित संख्येने मारणं. आवाजाच्या तोफा आणि बुजगावणी यांना ते लवकर सरावतात. तुमच्याकडेही तेच होत असणार.

बांधावरून
तेच. बुजगावण्याच्या डोक्यावर बसून कणीस खातात.

चहाटळ
सिडनीकर मग डब्यावर काय उपाय करतात? कुलूप लावा की.

रानभूल
कुलूप लावता येत नाही ना. कचऱ्याची गाडी यांत्रिक हाताने डबा उचलते आणि उलटा करते, तेव्हा झाकण आपोआप उघडलं पाहिजे. म्हणजे पक्ष्याला उघडता येऊ नये पण गाडीला यावं, असं कोडं आहे. लोक आधी झाकणावर वीट ठेवतात. पक्षी वीट ढकलून पाडतात. मग रबरी साप, त्याला चार दिवस घाबरतात. मग पाण्याने भरलेल्या बाटल्या झाकणाला बांधणं, बिजागरीत जुना बूट किंवा काठी अडकवणं, म्हणजे झाकण पूर्ण मागे पडत नाही. क्लुम्प आणि मंडळींनी २०२२मध्ये यावरही निबंध लिहिला, हजाराहून जास्त रहिवाशांना विचारून. त्यात गंमत अशी निघाली की माणसंही शेजाऱ्याचं बघूनच उपाय उचलतात, त्यामुळे एका गल्लीत सगळ्यांच्या बिजागरीत बूट आणि पलीकडच्या गल्लीत सगळ्यांच्या झाकणावर विटा.

शंकासूर
याला मात्र मी संस्कृती म्हणायला तयार आहे.

निळेडोंगर
पाण्याच्या नळाचं काय ते? सिडनीच्या पश्चिमेला म्हणे नळ सोडून पाणी पितात.

रानभूल
हो, २०२५मध्ये त्यावर निबंध आला. बागेतला पिण्याच्या पाण्याचा नळ, स्प्रिंगचा, हात सोडला की बंद होणारा. पक्षी एक पाय खांबाला धरतो, दुसऱ्या पायाने दांडा पकडतो आणि मग सगळं अंग एका बाजूला झुकवून वजनाने तो फिरवून ठेवतो, आणि त्याच अवस्थेत मान वळवून पितो. प्रयत्नांपैकी साधारण ४१ टक्के यशस्वी. बाकीचे नंबर लावून कुंपणावर बसलेले. जवळच ओढ्याचं पाणी असूनही हा खटाटोप! का, यावर तर्क बरेच आहेत, उंचावरून पिताना शत्रू आधी दिसतो हा मला त्यातल्या त्यात पटतो. आणि हो, बहुतेक सगळे काकाकुवे डावखुरे असतात. खाताना घास डाव्या पायात.

सड्यावरचा
उशिरा वाचला धागा. मी दक्षिण रत्नागिरीतला. सुतार पक्षी नसलेला खंड हे मला नवीन, आणि ते वाचून धनेश आठवला. आमच्याकडचा महाधनेशही तसाच अडलेला. एवढ्या मोठ्या पक्ष्याला सुताराने पाडलेलं भोक काय पुरणार? त्याला बेहडा, सातवीण, आंबा असल्या जुन्या झाडाची नैसर्गिक ढोलीच हवी, तीच वर्षानुवर्षं वापरतो. मादी आत बसून तोंड लिंपून घेते. देवराईत असली झाडं टिकली, खासगी जमिनीत लाकूडवाल्याने नेली. महामार्ग रुंद करताना रस्त्याकडेची जुनी झाडं गेली ती वेगळीच. बदल्यात दहा रोपं लावली की हिशेब मिटला असं सरकार म्हणतं. त्या रोपाला ढोली पडायला माझा पणतू म्हातारा व्हावा लागेल.

तिकडे कृत्रिम ढोल्यांचा प्रयोग झालाय का?

रानभूल
सड्यावरचा, नेमकं बोललात. इथेही विकासक "बदली झाडं" लावून मोकळे होतात.

प्रयोग झालेत, दोन प्रकारचे. एक, लाकडी पेट्या टांगणं. पण पातळ फळीची पेटी उन्हाळ्यात भट्टी होते आणि थंडीत गारठते, खोडातल्या ढोलीला जाड लाकडाचं कवच असतं तसं तिला नसतं. शिवाय काकाकुवे पेटी कुरतडून टाकतात, आणि मधमाश्या किंवा मैना आधी घुसतात, मैना तर तुमच्याकडून आलेल्या. साळुंकी इथे उपद्रवी आहे! दुसरा प्रकार, करवतीने जिवंत किंवा वाळलेल्या खोडातच पोकळी कोरणं. ती तापमानाच्या बाबतीत खऱ्या ढोलीच्या जवळ जाते, पण खर्चीक आहे. वाळलेलं झाड धोकादायक म्हणून सरसकट न पाडता, फांद्या छाटून खोड तसंच उभं ठेवायचं, हे आता काही ठिकाणी करतात. मला तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, स्वस्तही.

सड्यावरचा
वाळलेलं खोड ठेवायचं हे इथे पटवणं अवघड. सरपण म्हणून रात्रीत जाईल. पण आमच्या देवराईच्या बैठकीत मांडून बघतो.

वेणू_९
डिसेंबरात मुलीकडे येतेय, दोन दिवस सिडनीत आहे. कुठे बघायला मिळतील?

रानभूल
या की! ऑपेरा हाउसच्या शेजारच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जा, शोधावे लागणार नाहीत. पंखाला पिवळा क्रमांकाचा बिल्ला असलेला दिसला तर क्रमांक टिपून घ्या. जॉन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०११पासून गुरांच्या कानाला लावतात तसले बिल्ले या पक्ष्यांना लावले, त्यासाठी अ‍ॅप आहे, तुमची नोंद थेट अभ्यासात जाते. तुमच्या हातातलं सँडविच सांभाळा. आणि खायला अजिबात घालू नका, डॉक्टर इथे वाचतायत.

पाखरांचा_वैद्य
वाचतोय.